हलू नका हं!

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला आणि एका पेटीवरून आमच्या घरात जे रामायण झालं ते लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. फक्त पाठवायच्या आधी मला वाचून दाखव." तेव्हा हे त्यांना वाचून दाखवलेलं आहे, बरं का!

पेटी मामंजींची. साताऱ्यात मोती चौकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी लग्न होऊन आले तोवर तो बंदही झाला होता. घरोघरी डिजिटल कॅमेरे आले आणि पासपोर्टच्या फोटोंवर दुकानाचं भाडं निघेना. पेटीत त्यांचा पहिला कॅमेरा होता. सागवानी लाकडाचा, पितळी कोपऱ्यांचा, पुढे काळा भाता असलेला. त्यांनीही तो जुनाच, धंदा बंद करणाऱ्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून विकत घेतला होता. सोबत लाकडी स्टँड आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड. शाळांचे ग्रुप फोटो, लग्नातली वऱ्हाडं, मुंजीचे बटू, सगळं त्यांनी त्या कापडाखालून पाहिलं. भिंगाची टोपी काढायच्या आधी ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे म्हणे, "हलू नका हं!"

लग्नाच्या हॉलची सजावट करणारा एक मुलगा आमच्या गल्लीत राहतो. त्याने पेटी पाहिली आणि म्हणाला, "काकू, हा मला द्या. पाहुण्यांना फोटो काढायला एक कोपरा सजवतो, तिथे मधोमध ठेवीन." आठ हजार देतो म्हणाला, पाचशे रुपये इसारा देऊनही गेला. मी मनात हिशेबसुद्धा करून टाकला. अर्धवेळ शिक्षिकेला आठ हजार काही थोडे नव्हेत. ह्यांचं म्हणणं, "ठेवायचा तरी कुठे?" सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या तशाही कमी बोलतात.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या नणंदबाई अमेरिकेहून आल्या. त्या व्हर्जिनियात राहतात. पेटी पाहून वन्सं एकदम गप्प झाल्या. रात्री त्यांनी बॅगेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तू बी.ए. इंग्रजी घेऊन केलंस ना? हे वाच आणि मग काय ते ठरवा." पुस्तकाचं नाव वाचून मला हसूच आलं. 'होल्ड स्टिल'. म्हणजे आमच्या मामंजींचंच वाक्य की!

२०१५ साली निघालेलं हे पुस्तक म्हणजे सॅली मॅन या फोटोग्राफर बाईंचं आत्मकथन. बाई वन्संच्याच राज्यातल्या. २०१८ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते वन्संनी पाहिलं होतं. दुपारी भांडी आवरली की डिक्शनरी शेजारी ठेवून मी वाचायला बसायची. सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण कळलं त्याने झोप उडाली.

सॅलीबाईंचा जन्म १९५१ सालचा, लेक्सिंग्टन नावाच्या छोट्या कॉलेजच्या गावात. वडील डॉक्टर, त्यांना फोटोचा नाद, तोच मुलीला लागला. लग्न अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. नवरा, लॅरी, आधी लोहारकाम करायचा आणि पुढे वकील झाला. (आपल्याकडे हे उलट्या क्रमानेसुद्धा कुणी खपवून घेणार नाही!) बाईंनी बी.ए. केलं ते लग्नानंतर, १९७४ साली, आणि पाठोपाठ एम.ए. तेही फोटोग्राफीत नव्हे, सर्जनशील लेखनात. माझ्यासारखीच बी.ए., असं मी ह्यांना ऐकवून घेतलं.

त्यांच्या गावात एकोणिसाव्या शतकात मायकेल मायली नावाचा एक फोटोग्राफर होऊन गेला. त्याच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह धूळ खात पडल्या होत्या. त्या साफ करून त्यांचे छाप काढायचं काम तरुणपणी सॅलीबाईंच्या वाट्याला आलं. शंभर वर्षांपूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्याच नदीचे, त्यांच्याच डोंगरांचे फोटो काढून ठेवलेले. मला वाटतं तिथेच ही बाई जुन्या कॅमेऱ्याची झाली. १९७७ साली वॉशिंग्टनच्या कॉरकोरन गॅलरीत त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. पुढे बाजारात एकाहून एक सुटसुटीत कॅमेरे येत गेले, पण बाईंनी आठ बाय दहा इंची फिल्म लागणारा, भात्याचा, काळ्या कापडाचा लाकडी कॅमेराच धरून ठेवला. भिंगंसुद्धा जुनी, बुरशीने खाल्लेली, चिरा गेलेली. लोक टाकून देतात ती भिंगं या बाई हौसेने शोधून आणत, कारण त्यांतून उजेड कुठून कसा पसरेल याचा नेम नसतो.

(भिंगाला बुरशी आपल्याकडेही येते. कॅमेरा चामडी पेटीत बंद करून ठेवला की चामडं ओल धरतं आणि भिंगावर कोळिष्टकासारखी जाळी चढते. कुणाच्या घरी वडिलांचा कॅमेरा असेल तर पावसाळ्यात तो चामडी पेटीबाहेर, हवेशीर कपाटात ठेवा. आमच्या मामंजींचं भिंग असंच गेलं.)

पण बाईंचं नाव झालं, आणि खराबही झालं, ते घरातल्या फोटोंमुळे. तीन मुलं पदरात, एमेट, जेसी आणि व्हर्जिनिया. १९८४ साली एक दिवस जेसी घरी आली ती किडे चावून डोळा, चेहरा सुजवून. मी असते तर हळद शोधायला धावले असते. बाईंनी काय केलं, तर फोटो काढला! तिथून पुढे दहा वर्षं त्यांनी आपल्या मुलांचेच फोटो काढले. रक्त आलेली नाकं, ओरखडे, अंथरूण ओलं केलेलं, रुसलेली, झोपलेली, नदीत डुंबणारी मुलं. परदेशवाऱ्या नाहीत की मोठमोठी माणसं नाहीत. घर, अंगण आणि नदीकाठची झोपडी, एवढंच.

आणि हे झटकन टिपलेले फोटो नव्हेत हं. तसल्या कॅमेऱ्याने झटकन काही होतच नाही. स्टँड उभा करायचा, कापडाखाली शिरायचं, दुधी काचेवर उलटं चित्र उमटतं, खाली डोकं वर पाय, ते स्पष्ट करायचं, मग फिल्मची चौकट सरकवायची. तोवर पोरांनी जागचं हलायचं नाही. म्हणजे मुलांची राजीखुशी असल्याशिवाय एकही फोटो निघणं शक्य नाही. कधी तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा उभं करावं लागे.

१९९२ साली 'इमिजिएट फॅमिली' या नावाने पुस्तक निघालं आणि गहजब झाला. उन्हाळ्यात नदीवर मुलं उघडीवाघडी हिंडत, तशीच काही फोटोंत होती. कुणी म्हणालं केवढी मोठी कला, कुणी म्हणालं ही कसली आई! बाईंना याची कल्पना असावी. मुलं मोठी होईपर्यंत पुस्तक थांबवायचं त्यांनी एकदा ठरवलंही होतं. मुलांनीच ते हाणून पाडलं. मग मुलांना मानसशास्त्रज्ञाकडे नेऊन त्यांना याचा अर्थ कळतो ना, ते पाहिलं, आणि नको तो फोटो काढून टाकायची मुभा मुलांना दिली. तेव्हा एमेटने कुठला फोटो नको म्हटलं असेल? तर हातात मोजे घातलेला! त्यात तो बावळट दिसतो म्हणून. वाचताना मी मोठ्याने हसले आणि मग हसू गेलं. आपल्याला ज्याची लाज वाटते ती मुलांना वाटत नाही, आणि मुलांना जे लागतं ते आपल्या ध्यानातही येत नाही.

माझं मत विचाराल तर ते फोटो मी छापले नसते. मूल "हो" म्हणालं तरी नसते. सात वर्षांच्या पोराच्या "हो"ला किती अर्थ असतो, हे मी रोज वर्गात पाहते. आणि त्यापायी भोगावंही लागलं. कुठलासा एक विकृत माणूस पुढे कित्येक वर्षं पत्रं पाठवून मुलांची चौकशी करत राहिला, घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. बाईंनी हे लपवलेलं नाही, स्वतःच लिहिलंय. पण एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली. त्यांनी विचारलं होतं.

आता माझी गोष्ट सांगते. सांगताना आजही कानशिलं तापतात.

झटक्यानंतर सासूबाईंचा डावा हात आणि चेहऱ्याची डावी बाजू गेली. ओठाचा कोपरा खाली ओढला, पापणी अर्धी मिटलेली. चार महिने आम्ही मालिश, व्यायाम, सगळं केलं. एक दिवस सकाळी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि पाच पावलं चालल्या! मला इतका आनंद झाला की ओट्यावरचा फोन उचलला, फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "बघा आमच्या आई!" पन्नास जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी दिवसभर हवेत.

पुढे महिन्याभराने एक चुलत जाऊबाई भेटायला आल्या आणि कौतुकाने त्यांनी आपल्या फोनवरचा तो फोटो सासूबाईंना दाखवला. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्या फोनकडे टक लावून बघत होत्या. केस विस्कटलेले, गाऊन चुरगळलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ. मला त्या फोटोत पाच पावलं दिसली होती. त्यांना ते दिसलं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून घरात कुणी फोन वर केला की त्या पदर तोंडावर घेऊ लागल्या. नातवाच्या वाढदिवसालासुद्धा.

लक्षात घ्या, ही फोटोग्राफरची बायको. मामंजी एकेका बाईचा फोटो शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर हात फिरवून उजळवून द्यायचे. अंगावरचे देवीचे व्रण पुसायचे, डोळ्यांखालची वर्तुळं पुसायचे. त्यांनी बायकोचा एकही फोटो तिला आरशापुढे जाऊ न देता काढला नव्हता. आणि सुनेने काय केलं? मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. "आनंदानेच तर काढला होता," असं स्वतःलाच समजावत राहिले. वर्षभर.

तर पुस्तक वाचता वाचता मी लॅरीच्या फोटोंपाशी आले.

मुलं मोठी झाल्यावर सॅलीबाई आणखी मागे गेल्या, म्हणजे फिल्म सोडून थेट काचेवर. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने काढलेली ओल्या काचेची रीत त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिकल्या. रीत वाचली आणि मला आमचं घावन आठवलं. कलोडियन नावाचा चिकट द्राव काचेच्या मधोमध ओतायचा आणि काच अशी तिरकी करत जायची की तो चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरेल. जास्तीचा पुन्हा बाटलीत. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेऊन, धुऊन, सगळं काच वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. वाळली की गेली! चांदीच्या पाण्याने बोटं काळी पडतात ती दिवसेंदिवस जात नाहीत. हेच कलोडियन पूर्वी जखमांवर लावत, कारण त्याचा पापुद्रा धरतो. बाई गाडीच्या मागच्या भागात अंधारखोली करून लुईझियाना, मिसिसिपी अशा दक्षिणेकडच्या राज्यांत हिंडल्या, जुन्या यादवी युद्धाच्या रणांगणांवर गेल्या. काचेवर धूळ बसली, द्राव ओघळला, कडा सोलली, तरी टाकून दिलं नाही. पहिल्यापहिल्यांदा मला ते फोटो खराबच वाटले. मामंजी असते तर त्यांनी असलं काम गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नसतं.

आणि लॅरी. स्नायू झिजत जाणारा आजार त्याला मध्यमवयात जडला. लोहारकाम केलेला दणकट माणूस. एक दंड, एक मांडी बारीक होत चाललेली. बाईंनी सहा वर्षं त्याचे फोटो काढले, ओल्या काचेवर, अंगावर कपडा न ठेवता. २००९ साली 'प्राउड फ्लेश' नावाने ते पुस्तकरूपात आले. आपल्या नवऱ्याकडे असं उजेडात निरखून पाहायची आपल्यातल्या कितीजणींची हिंमत आहे? मी तर पुस्तक मिटून इकडे तिकडे बघितलं! पण पुन्हा उघडलं. एकेक फोटो घ्यायला त्याला कित्येक सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ, निश्चल राहावं लागे. ज्या अंगाचा ताबा सुटत चालला आहे ते अंग सांभाळून धरायचं, बायकोसाठी. तो चोरून काढलेला एकही फोटो नाही. त्याला ठाऊक होतं ती काय पाहते आहे, आणि त्याने तिला पाहू दिलं.

बाईंचं स्वतःचं काही सुखात गेलं असं नाही. २००६ साली घोड्यावरून पडून पाठीला जबर इजा झाली. जड कॅमेरा घेऊन हिंडणं बंद, तर घरात बसून स्वतःच्याच चेहऱ्याच्या काचा काढल्या, शेकड्यांनी. मोज्यांचा फोटो नको म्हणणारा एमेट २०१६ साली गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ते वन्संनी मला सांगितलं, कारण पुस्तक त्याच्या आधीचं. बाई मात्र थांबल्या नाहीत. २०२१ साली, सत्तरीच्या वयात, जळालेल्या दलदलीच्या रानाचे पत्र्यावर घेतलेले फोटो दाखवून त्यांनी प्री पिक्ते नावाचं मोठं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळवलं.

त्या रात्री मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत होते. म्हटलं, "आई, तो वॉकरचा फोटो मी तुम्हाला न विचारता काढला. चुकलं माझं."

त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढलास त्याचं नाही गं एवढं. केस तरी विंचरू द्यायचेस."

आणि मग, थोड्या वेळाने, "तो डबा विकताय का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. ह्यांनी आणि वन्संनी मिळून पुढच्या खोलीत स्टँड उभा केला. भाता दोन ठिकाणी फाटलाय, त्याला वन्संनी काळी चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी माझ्याकडून केस विंचरून घेतले, अंबाडा घातला, हिरवी इरकल नेसल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत उजवी बाजू पुढे करून बसल्या. थोडा वेळ बसल्या आणि मग स्वतःच सरळ झाल्या, सगळा चेहरा कॅमेऱ्याकडे करून. पदर खांद्यावरच होता.

हे कापडाखाली शिरले. बराच वेळ बाहेरच येईनात. वन्सं म्हणाल्या, "अरे, काय झालं?" आतून आवाज आला, "आई उलटी दिसतेय." आवाज जरा वेगळाच होता.

"उलटीच दिसते," सासूबाई म्हणाल्या. "आता टोपी लाव. मग काढ आणि पाच मोज. घाई नको. तुझे बाबा सावकाश मोजायचे."

ह्यांनी टोपी लावली, काढली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. खोलीत कुणी हललं नाही, माझा मुलगासुद्धा. फोटो काही निघाला नाही. आत फिल्मच नव्हती, आणि ती साताऱ्यात मिळतही नाही. वन्सं तिकडून पाठवते म्हणाल्या आहेत. धुवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. मामंजींच्या वह्या माळ्यावरच आहेत, त्यात औषधांची मापं लिहिलेली आहेत म्हणे.

ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकला, पण पन्नास जणांच्या फोनमधून तो कसा काढणार! जमेल तितक्यांना फोन करून सांगितलं. तीन-चार जणांना मी विचित्रच वाटले असेन.

सजावटवाल्या मुलाला पाचशे रुपये परत केले. तो जरा रागावला, चहासुद्धा न घेता गेला. स्टँड अजून पुढच्या खोलीतच आहे आणि केर काढताना रोज माझ्या पायाला लागतो.